बाणाखालच्या दोन ओळी

ऑक्टोबर आला की साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात पुठ्ठ्याचा वास बदलतो. पावसाळ्यात तो ओल्या पोत्यासारखा असतो आणि हाताला नरम लागतो. पाऊस गेला, वरचा पत्रा तापायला लागला, की पुठ्ठा कडक होतो. कापताना त्यातून भाजलेल्या शेंगांच्या टरफलासारखा वास येतो आणि बारीक भुरकी उडते. ती घामाला चिकटते. संध्याकाळी बोरिवलीला घरी पोचून हात धुतले की पाणी मातकट होतं. हा आमचा दिवाळीचा हंगाम. लोकांची दिवाळी फराळाच्या वासाने सुरू होते, आमची या भुरकीने, आणि ती त्यांच्याआधी महिनाभर.

आम्ही मिठाईचे बॉक्स करतो. खाली तळ, वर झाकण. मिठाईबद्दल लोक बोलतात, तिच्यावरच्या वर्खाबद्दल बोलतात, बॉक्सबद्दल कोणी बोलत नाही. झाकण बसलं नाही तरच त्याच्याकडे बघतात.

मी इथे बावीस वर्षं आहे. हुद्दा सुपरवायझर, काम यादी करण्याचं. सकाळी काय उघडायचं, कोणता पुठ्ठा आधी काढायचा, कोणाचा माल कधी निघणार, कोण रजेवर आहे. दर वर्षाची एक वही, दर दिवसाला एक पान. त्या वह्यांवर मी घर चालवलं, मुलीचं शिक्षण केलं, सासूबाईंची औषधं सांभाळली. यादी केली की माणूस निम्मा मोकळा होतो, असं मी सगळ्यांना सांगायची. आता सांगत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात अशोक गायकवाडची नोकरी गेली, आणि ती माझ्यामुळे गेली. त्या वर्षीच्या वहीत हे कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

अशोक आमच्या कापायच्या मशिनवर होता. माझ्याच वयाचा, घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहणारा. वडील सोलापूरकडून आलेले, हा इथेच वाढलेला. मी गाळ्यात लागले त्याच वर्षी तोही लागला, म्हणून पहिल्यापासून अरेतुरे. बाकी सगळे मला मॅडम म्हणायचे, शेठ संध्याबेन म्हणायचे, अशोक नुसतं संध्या. माझ्या याद्यांची टिंगल करायचा हक्क त्याने स्वतःच घेतलेला होता.

"आज पाणी प्यायचं कितव्या नंबरला आहे गं?" तो विचारायचा. "नाहीतर उगाच तहान लागायची मध्येच."

आणि तरीही त्या गाळ्यात माझी यादी अक्षरशः पाळणारा तोच एक होता. बाकीचे सोमवारीच आठवड्याच्या सह्या ठोकून मोकळे व्हायचे. अशोक रोज, एकेका कलमापुढे, ते ते काम करून बरोबरची खूण करायचा. मी एकदा म्हटलंही, "इतकं कोण बघतंय रे?" तर म्हणाला, "तू बघतेस ना. मग?"

मशिन सेकंडहँड आणलेलं होतं, मजबूत आणि हट्टी. त्याला चालवणारा कॉम्प्युटर त्याच्याहून म्हातारा. काळा पडदा, पांढरी अक्षरं. आजच्या मुलांनी तो बघितला तर हसतील. पण त्याचं एक मला फार आवडायचं. सकाळी चालू केला की त्याला स्वतःबद्दल काहीच ठाऊक नसायचं. आपल्याला मशिन जोडलेलं आहे, ते कुठल्या वायरने जोडलेलं आहे, मापं मिलिमीटरमध्ये घ्यायची की इंचात, पुठ्ठा किती जाड धरायचा, हे सगळं त्याला रोज नव्याने सांगावं लागायचं. सांगायला एक छोटी फाइल होती. चालू होताना तो ती फाइल वरून खाली वाचायचा, वाचलेली एकेक ओळ पडद्यावर दाखवायचा, आणि शेवटी बीप करायचा. मग दिवस सुरू. म्हणजे कॉम्प्युटरचीही सकाळची यादीच होती. मला ती जवळची वाटायची.

त्या फाइलमध्ये सात ओळी होत्या. पहिल्या पाच मशिनबरोबर आलेल्या. शेवटच्या दोन मी घातलेल्या. झाकणासाठी जास्त जाड पुठ्ठा वापरायचं ठरलं, तेव्हा झाकण तळापेक्षा दोन मिलिमीटर मोठं कापणं भाग होतं आणि घडीची रेघही तेवढीच बाहेर सरकवायला हवी होती. आमची मशिनं बघणारा इरफान तेव्हा गावाला गेलेला. त्याने फोनवर सांगितलं तसं मी एकेक अक्षर टाइप करून त्या दोन ओळी फाइलच्या खाली जोडल्या. दुसऱ्या दिवशी झाकणं बसली. मी तो दिवस वहीत लाल शाईने लिहिला. कॉम्प्युटरचं काही मला शिकवलेलं नव्हतं, आणि मी ते केलं होतं. पुढची नऊ वर्षं त्या दोन ओळींनी काम केलं.

चार वर्षांपूर्वी, दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, तो कॉम्प्युटर उकाड्याने गेला. जळक्या रबराचा वास, एक टक्क असा आवाज, आणि काळा पडदा खरंच काळा. इरफानने एका दिवसात दुसरा आणला. तोही जुनाच, पण आधीच्याहून थोडा पुढचा. तशीच अक्षरं, तशाच आज्ञा, फक्त सगळं जरा जलद. जुन्यातली फाइल त्याने याच्यात आणून ठेवली. सगळी जोडणी नीट चालते की नाही ते बघायला त्या दिवशी सगळी मापं त्याने स्वतः हाताने टाइप करून मशिनला दिली. अशोकने पहिला तळ कापला, पहिलं झाकण कापलं, दोन्हींना घड्या घातल्या, बसवून बघितलं. झाकण बसताना हवा दबल्याचा एक हलका आवाज येतो. तो आवाज ऐकून अशोकने यादीतल्या सातव्या कलमापुढे खूण केली: नवीन काम सुरू करताना पहिला बॉक्स घडी घालून, झाकण बसवून बघणे. संध्याकाळपर्यंत सगळे तळ कापून झाले. कॉम्प्युटर बंद करून आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अशोकने हाक मारली.

"संध्या, इकडे ये जरा. हे आज कमी बोललं."

"म्हणजे काय?"

"रोज सात ओळी येतात, मग बीप. आज पाचच आल्या नि बीप."

"तू ओळी मोजतोस?"

"मग काय करू? तूच यादीत लिहिलंयस ना, चालू होईपर्यंत मशिनजवळ उभं राहायचं. उभा राहून काय तुझा फोटो बघू?"

मी हसले आणि फाइल उघडली. पडद्यावर ओळी मोजल्या. पाच, मग पाचवीच्या शेवटी एक बारीकसा बाण, मग माझ्या दोन. तो बाण मी नऊ वर्षं बघत होते. जुन्या पडद्यांवर असा कचरा दिसतो, असं माझं मत होतं.

"सातच्या सात आहेत. हे बघ."

"फाइलीत असतील. बोलताना पाचच बोललं."

"अरे, नवीन कॉम्प्युटर आहे, भराभर जातात वर. तुझ्या डोळ्यांना दिसल्या नसतील. चालू कर. मुलुंडच्या दुकानाचा माल परवा निघायचाय."

त्याने मानेवरचा घाम पुसला. "बघ हां. तू सांगतेस म्हणून करतो."

"हो बाबा, कर."

हा संवाद मी आजवर हजार वेळा तरी आठवला असेल. प्रत्येक वेळी वाटतं, एवढंच म्हणायला हवं होतं: एक झाकण घडी घालून बघ. अर्ध्या मिनिटाचं काम. पण सातव्या कलमाप्रमाणे ते कालच झालेलं होतं. काम तेच होतं, नवीन नव्हतं. मशिन रोज सकाळी सगळं विसरून उठतं हे मला माहीत होतं, आवडतही होतं, आणि तरी माझी यादी काल तपासलेलं आज खरं धरत होती.

दोन दिवस झाकणं कापली गेली. आमच्याकडून पुठ्ठा सपाट जातो. घड्या घालणं, चिकटवणं दहिसरच्या एका चाळीत होतं, तिथल्या सात-आठ बायका ते काम घेतात. त्यांची मुखिया मालती राणे, मालवणकडची. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर हिने घर पुठ्ठ्यावर उभं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"गो संध्या, ह्यां काय पाठवलंस? झाकणां बसनत नाय."

"एखादं नसेल बसत, मालतीताई."

"एखादा? माझ्या बायो सकाळपासून एकामागून एक दाबतहत. कोपरे फाटले, पण बसाक तयार नाय. येऊन बघ तू."

गेले. चेकनाक्याच्या अलीकडे रिक्षा सोडली आणि चालत आत शिरले. चाळीच्या व्हरांड्यात तळांचे ढीग एका बाजूला, झाकणांचे दुसऱ्या. गुलाबी झाकणं, सोनेरी नक्षी. एक उचललं, तळावर ठेवलं, दाबलं. आवाज आला नाही. लांबीलाही दोन मिलिमीटर कमी, रुंदीलाही. बायका काम थांबवून माझ्याकडे बघत बसल्या होत्या. वरच्या मजल्यावर कुठेतरी चिवडा परतत होते, त्याचा कढीपत्ता खमंग दरवळत होता.

गाळ्यात परत आले तेव्हा शेठनी अशोकला केबिनमध्ये बोलावून घेतलेलं होतं. केबिन म्हणजे पोटमाळ्यावरची काचेची खोली, खालून सगळ्यांना दिसणारी. मुलुंडच्या दुकानदाराने निम्मी ऑर्डर दुसरीकडे दिल्याचं नुकतंच कळवलं होतं. शेठ ओरडत नव्हते. ते रागावले की हळू बोलायचे.

"अशोक, झाकण बसवून बघितलं होतं?"

"बघितलं होतं शेठ. बसलं होतं."

"मग ही बसत का नाही?"

"मशिनने दुसऱ्या दिवशी वेगळं कापलं."

"मशिनला काय मूड असतो? संध्याबेन, मशिनमध्ये माप बरोबर आहे?"

मी त्यांना खाली नेलं, फाइल उघडून दाखवली. सात ओळी. शेठनी चष्मा लावून माझ्या दोन ओळी वाचल्या.

"हे तर बरोबर सांगितलंय मशिनला. दुसऱ्या दिवशी परत बसवून बघितलं होतं का?"

"यादीत एकदाच लिहिलंय," अशोक म्हणाला.

"यादीत नाही म्हणून डोळे मिटून कापायचं?"

अशोक माझ्याकडे वळला. "संध्या, सांग ना. मी तुला बोललो होतो ना सकाळी?"

आजूबाजूला सगळे होते. पॅकिंगवाले, टेम्पोवाला, हिशेब बघणारे काका. कटिंग बंद असल्यामुळे गाळ्यात इतकी शांतता होती की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. मी म्हणाले, "फाइल बरोबर आहे, शेठ."

एवढंच म्हणाले. ते खोटं नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. शेठ आणखी हळू आवाजात म्हणाले, "अशोक, उद्यापासून येऊ नकोस." अशोकने माझ्याकडे आणखी थोडा वेळ बघितलं, मग फडक्याने हात पुसले, फडकं मशिनवर घडी घालून ठेवलं आणि डबा घ्यायला गेला.

का बोलले नाही? लोक अशा वेळी बरीच कारणं देतात. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती, नवऱ्याचं काम सुटलेलं होतं, हे सगळं खरं आहे. पण ते मला त्या क्षणी आठवलंही नव्हतं. मला भीती वाटली. मी चुकले असेन असं शेठना वाटेल, याची भीती. नोकरी जायच्या भीतीहून ही भीती मोठी होती, हे लिहिताना आजही लाज वाटते.

त्या दिवशीच्या पानावर मी लिहिलं: झाकणं परत कापणे. हाताने माप देणे. ऑपरेटर नवीन बघणे. अशोकने मला सकाळी सांगितलं होतं, ही ओळ लिहायची राहिली असं मी म्हणू शकत नाही. राहिली नव्हती. मी लिहिली नाही.

अठरा वर्षं एका मशिनवर उभ्या राहिलेल्या माणसाची जागा चार दिवसांत भरली. दिवाळी होती, थांबायला वेळ नव्हता. नव्या माणसाला मापं हाताने द्यायला शिकवलं. फाइल बरोबर आहे तर हाताने का द्यायची, हे त्याने विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. माणूस नको असलेल्या प्रश्नाच्या बाजूने किती सहज चालत जातो.

दिवाळी झाल्यावर इरफान पंखा आणि वायरिंग बघायला आला. कॉम्प्युटर चालू केला, पडद्याकडे बघत उभा राहिला, आणि म्हणाला, "मॅडम, याने पाचच ओळी वाचल्या."

मी म्हटलं, "फाइलीत सात आहेत."

त्याने फाइल उघडली आणि पाचव्या ओळीच्या शेवटी बोट ठेवलं. "हा बाण दिसतोय? ही शेवटाची खूण. जुन्या जमान्यात फाइल संपली की अशी खूण मारायचे. इथे फाइल संपली."

"पण खाली ओळी आहेत ना?"

"त्या तुम्हाला दिसतात. मशिनसाठी इथे खतम. जुना कॉम्प्युटर ती खूण बघायचाच नाही, सरळ पुढे वाचत जायचा. हा नवावाला नियमाने चालतो. बाण दिसला की थांबतो." मग त्याने जीभ चावली. "च्यायला. तेव्हाच बघायला पाहिजे होतं मी. पण मॅडम, या ओळी बाणाच्या खाली टाकल्या कोणी?"

मी टाकल्या होत्या. इरफानने बाण खोडला, कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. सात ओळी वर सरकल्या आणि बीप झाला. एक अक्षर पुसलं, दहा सेकंदं लागली.

तेव्हापासून ही गोष्ट मला सोडत नाही. दोन्ही कॉम्प्युटर आपापल्या जागी बरोबर होते. एकाची रीत ओलांडून जाण्याची, दुसऱ्याची थांबण्याची. चूक माझी होती आणि ती पहिल्या दिवसापासून होती. नऊ वर्षं एक म्हातारं यंत्र ती निमूटपणे सांभाळून घेत होतं आणि मी त्याला माझं कसब समजत होते. लाल शाईने लिहिलेलं कसब. आपल्या किती गोष्टी अशा कोणाच्या तरी सांभाळून घेण्यावर चालतात, आणि तो सांभाळणारा जाईपर्यंत आपल्याला पत्ताही लागत नाही. अशोकही सांभाळूनच घेत होता. माझी यादी इतकी लांब होती की कोणी वाचत नव्हतं. तो एकटा वाचायचा, म्हणून ती चालते असं मला वाटायचं.

मी शेठना सांगितलं. सगळं, सकाळच्या त्या संभाषणासकट. एवढं तरी केलं. त्यांनी ऐकून घेतलं, पेपरवेट इकडचा तिकडे ठेवला.

"संध्याबेन, आता नवा माणूस सेट झाला आहे. त्याला काय सांगू, जा? झालं ते झालं. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

मला काही शिक्षा झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं.

मग घाटकोपरला गेले. पायऱ्या चढून वर, अशोकच्या घरी. त्याची बायको सुनंदा दारातच होती. मला बघून तिने "या" म्हटलं, पण दारातून बाजूला व्हायला वेळ घेतला. अशोक तोवर मुलुंडच्या एका टॉवरमध्ये पाण्याचे पंप आणि लिफ्ट बघायला लागला होता. निळा शर्ट, खिशावर सोसायटीचं नाव. मी बाणाचं सगळं सांगितलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं, मशिनबद्दल ऐकायचा तसंच.

"म्हणजे मी बरोबर मोजल्या होत्या," तो म्हणाला.

"हो."

"पाचच होत्या."

"हो रे."

सुनंदा आतून म्हणाली, "ह्यांना झोपेत सुद्धा त्याच मोजताना ऐकलंय मी. पाच, पाच. आता मोजा म्हणावं लिफ्टचे मजले."

"गप गं तू," अशोक म्हणाला. मग मला म्हणाला, "परत कामावर घे असं मी म्हणत नाही. त्या गाळ्यात मी पाय ठेवणार नाही. पण सगळ्यांच्या समोर झालं ते. मालतीताई मला बाजारात भेटली तर काय म्हणाली माहितीय? म्हणाली, इतकी वर्षां केलंस, शेवटाक कशाक रे हयगय केलंस? हयगय! मी!" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "खंडेनवमीला सगळे असतात. दहिसरच्या बायका पण साडी-मिठाई घ्यायला येतात. मशिनला हार घालताना तू फक्त सांग. अशोकची चूक नव्हती, त्याने मला सांगितलं होतं. दोन वाक्यं. देशील?"

"देईन," मी म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला मशिनला झेंडू-आंब्याचं तोरण होतं, सुरीला हळदकुंकू होतं, मालती राणे पहिल्या रांगेत होती. त्या दिवसाच्या पानावर सहावं काम म्हणून मी लिहिलं होतं, अशोकबद्दल सांगणे. शेठच्या घरची मंडळी आली होती. शेठ माझी ओळख करून देत म्हणाले, यांच्या यादीवर आमचा धंदा चालतो. सगळे हसले, मीही हसले. सहावं काम दुसऱ्या वर्षीच्या पानावर गेलं. दुसऱ्या वर्षी शेठची तब्येत बरी नव्हती, म्हटलं आज नको. तिसऱ्या वर्षी कशामुळे राहिलं ते आठवतही नाही. एक काम मी चार पानांवर उतरवलं. माझ्या बावीस वह्यांत असं दुसरं काम नाही.

मधल्या काळात ते मशिनही गेलं. आता पडद्याला बोट लावून चालवायचं नवं आहे. चालू होताना एक गोल फिरतो आणि एकदम तयार होतं. काय वाचलं, काय सोडलं, काही दिसत नाही. कोणी मोजायचं म्हटलं तरी मोजायला ओळीच नाहीत. मी यादीत आता लिहिलंय, रोज सकाळी पहिलं झाकण बसवून बघणे. नवी ऑपरेटर रेश्मा ते करते, आणि प्रत्येक वेळी तो दबल्या हवेचा आवाज झाला की माझे हात क्षणभर थांबतात.

यंदाच्या खंडेनवमीला मी सांगितलं. हार घालून झाला, नारळ फुटला, शेठच्या मुलाने, आता धंदा तोच बघतो, सगळ्यांना शुभेच्छा दिल्या, आणि मी म्हणाले, "मला दोन वाक्यं बोलायची आहेत." चार वर्षं घोकलेली वाक्यं, तरी अडखळले. आधी या मशिनच्या जागी दुसरं मशिन होतं, त्यावर अशोक गायकवाड होता. झाकणं चुकली त्यात त्याची चूक नव्हती. त्याने सकाळीच मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही आणि नंतर खरं बोलले नाही. दोनाची सहा वाक्यं झाली. डोळ्यांत पाणी आलं, ते मी येऊ दिलं.

मग रेश्माने शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, "अशोक कोण गं?" तिने खांदे उडवले. शेठचा मुलगा म्हणाला, "छान बोललात मॅडम. चला, प्रसाद घ्या सगळ्यांनी." दहिसरहून आलेल्या बायका नव्या होत्या. मालती राणेचे गुडघे गेले, ती दोन वर्षांपूर्वीच गावाला कायमची निघून गेली. टेम्पोवाला बदलला. हिशेबवाले काका वारले. शेठ घरी अंथरुणाला खिळलेले.

दुपारी मी अशोकला फोन लावला.

"सांगितलं मी आज. सगळ्यांसमोर. जसं तू म्हणाला होतास तसं."

पलीकडे पंपाची घरघर येत होती. ती बंद झाली, त्याने बटण दाबलं असावं.

"कोणाला सांगितलंस?"

मी नावं सांगायला लागले. रेश्मा, पॅकिंगचा दिनेश, शेठचा मुलगा, दहिसरच्या चौघीजणी. माझ्यासमोर हजेरीचा कागद होता, त्यावरून वाचत होते. शेवटचं नाव झालं.

"संध्या," तो म्हणाला, "यातलं मला कोण ओळखतं?"

मी कागदाकडे परत एकदा वरून खालपर्यंत बघितलं. तेवढ्यात त्याला तिथे कोणीतरी हाक मारली, सातव्या मजल्यावर पाणी येत नव्हतं. "थांब, आलो," तो त्या माणसाला म्हणाला, आणि फोन ठेवला.